इम्पीरियल की इम्पीरियस? साहेबांच्या कार्डावर घातलेला घोळ

आमचे साहेब रिटायर झाले तेव्हा निरोपाच्या कार्डावर इंग्रजीत चार ओळी लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि मी काय लिहावं, तर तुमची पर्सनॅलिटी इम्पीरियस होती! मला म्हणायचं होतं भारदस्त. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "खरंय रे, पण हे असं लेखी द्यायचं नसतं." मग घरी येऊन डिक्शनरी उघडली, कार्ड देऊन झाल्यावर.

तर मूळ एकच आहे दोघांचं, लॅटिनमधलं इम्पेरियम, म्हणजे हुकूम करायचा अधिकार. एम्परर, एम्पायर, अगदी व्याकरणातलं आज्ञार्थासाठीचं इम्परेटिव्हसुद्धा त्याच खानदानातलं. फरक एवढाच की इम्पीरियल गादीला चिकटला आणि इम्पीरियस माणसाच्या वागण्याला.

इम्पीरियल म्हणजे साम्राज्याचं किंवा सम्राटाचं, बस. इम्पीरियल पॅलेस, इम्पीरियल आर्मी. यात कौतुकच असलं पाहिजे असं नाही. इम्पीरियल गॅलन घ्या, ब्रिटनच्या 1824 च्या वजनमापांच्या कायद्यातून आलेलं हे माप, साधारण 4.546 लिटर, अमेरिकन गॅलन 3.785 चा. आता त्यात रुबाब कसला?

इम्पीरियस मात्र अरेरावीचा शब्द. उंच खुर्चीत बसवलेलं दीड वर्षाचं पोर बघा, बोलता धड येत नाही पण बोट दाखवतं, चमचा खाली टाकतं, आपण उचलून देतो, ते परत टाकतं आणि आपल्याकडे असं बघतं की उचल की लवकर, वाट कसली बघतोस. हे इम्पीरियस! राज्य नाही, मुकुट नाही, तरी हुकूम चालू. म्हणून हा शब्द टोन, आवाज, नजर, हाताचा इशारा अशांना लागतो. उलट एखादा सम्राट अगदी मवाळ असू शकतो, त्याचा महाल इम्पीरियलच राहणार पण त्याला इम्पीरियस म्हणता येणार नाही.

आपला घोळ होतो तो मला वाटतं 'शाही'मुळे. राजेशाही थाट म्हटलं की माणूस खूश, हुकूमशाही म्हटलं की भांडण, शेपूट मात्र दोन्हीकडे तेच. इंग्रजीत त्या दोन कामांना दोन वेगळे शब्द आहेत.

अडलंच तर शब्दाच्या आधी व्हेरी लावून बघायचं. व्हेरी इम्पीरियस टोन बिनधास्त चालतं, कारण अरेरावी कमीजास्त असते. व्हेरी इम्पीरियल आर्मी कानाला खटकतं, सैन्य एकतर साम्राज्याचं असतं नाहीतर नसतं. ऑफिशियल आणि ऑफिशसचंही असंच आहे, पहिला अधिकृत आणि दुसरा उगाच अधिकार गाजवत लुडबुड करणारा.

आणि हे नकारात्मक वळण आजकालचं नाही हां. इसवी सनापूर्वी 363 मध्ये रोममध्ये डिक्टेटर झालेल्या लुसियस मॅन्लियसला इम्पेरिओसस हे बिरुद होतं, सैन्यभरतीत त्याने लोकांचे हाल केले आणि त्याचं हे नावसुद्धा लोकांना खुपायचं, असं इतिहासकार लिव्ही सांगतो. पण इंग्रजीत बरीच वर्षं दोन्ही शब्द एकमेकांत मिसळलेले होते. शेक्सपियरच्या हॅम्लेटमध्ये मेलेल्या सीझरची माती झाली अशी ओळ आहे, तिथे दुसऱ्या क्वार्टो प्रतीत, म्हणजे नाटकाच्या लहान आकाराच्या जुन्या छापील आवृत्तीत, सीझर इम्पीरियस आहे आणि 1623 च्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या मोठ्या आकाराच्या संग्रहात, इम्पीरियल! हे वाचून मला माझ्या कार्डाचं जरा कमी वाईट वाटलं.

एक अपवाद आहे तो स्पोर्ट्सच्या पानावर. ब्रिटिश पत्रकार एखाद्या बॅट्समनच्या खेळीला इम्पीरियस म्हणतात ते चक्क कौतुकाने, म्हणजे बोलरला त्याने हवं तसं नाचवलं. मैदानावरची दादागिरी कोणाला आवडत नाही? ऑफिसातली नाही आवडत.

आता साहेबांसाठी योग्य शब्द कुठला होता? इम्पीरियलसुद्धा नाही, ते काय सम्राट नव्हते. ऑगस्ट हा एक आहे, महिन्यासारखाच लिहायचा पण उच्चारात जोर 'गस्ट'वर, अर्थ आदरणीय, पण तो जरा जास्तच भरजरी होतो, एखाद्या सभेला नाहीतर संस्थेला शोभेल. कमांडिंग प्रेझेन्स लिहायला हवं होतं. त्यातही हुकूम आहेच, पण साहेब आत आले की कोणी न सांगता आमची गडबड थांबायची, ते त्यात बरोब्बर बसतं.