बारकोड औषध-पडताळणी

औषध देण्यापूर्वी रुग्णाच्या मनगटावरील पट्टी व औषधाचे वेष्टन स्कॅन करून दोन्ही संगणकातील औषध-आदेशाशी ताडून पाहण्याची रुग्णालयीन पद्धत. अमेरिकेत माजी सैनिकांसाठीच्या टोपीका येथील रुग्णालयात १९९०च्या दशकात ती प्रथम वापरली गेली. भाड्याच्या मोटारी परत घेताना होणारे स्कॅनिंग पाहून सू किनिक या परिचारिकेला ती सुचली होती.

तिची गरज कुठे आहे, हे १९९५च्या एका अमेरिकी अभ्यासातून कळते. गंभीर चुकांपैकी ३९ टक्के औषध लिहून देताना, तर ३८ टक्के ते देताना होत होत्या. लिहितानाच्या जवळजवळ निम्म्या चुका पुढे कुणीतरी पकडे; देतानाच्या जेमतेम २ टक्के पकडल्या जात. परिचारिकेनंतर तपासणारे कुणी उरतच नाही.

परिचारिका आधी पट्टी स्कॅन करते, तेव्हा त्या वेळी द्यायच्या औषधांची यादी उघडते. मग प्रत्येक मात्रा स्कॅन होते. औषध, मात्रा, मार्ग (तोंडावाटे की शिरेवाटे) किंवा वेळ जुळली नाही तर इशारा येतो. वेष्टन रुग्णाजवळच, स्कॅननंतर फोडायचे असते. बॉस्टनमधील एका रुग्णालयात औषध देतानाच्या चुका (वेळेच्या चुका वगळून) ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्याचे २०१०मध्ये प्रसिद्ध झाले.

अपयश बहुधा यंत्रापेक्षा पळवाटांमुळे येते. पट्टी भिजते, स्ट्रिप कापताना बारकोड उरलेल्या तुकड्यावर राहतो, अर्ध्या गोळीला बारकोडच नसतो, स्कॅनरची बॅटरी संपते. मग पट्टीची जादा प्रत ट्रॉलीला चिकटवली जाते आणि रुग्णाजवळ न जाताच स्कॅन ‘पूर्ण’ होतो. ही सर्वांत घातक पळवाट, कारण नोंदीत सारे निर्दोष दिसते. म्हणूनच ९५ टक्के स्कॅनिंग हे प्रचलित उद्दिष्ट गाठलेल्या वॉर्डातही प्रत्यक्ष पाहणी लागते. ओरडून शिस्त येत नाही. अर्ध्या गोळ्या औषधविभागातूनच लेबल लावून पाठवल्या तर पळवाटेचे कारणच जाते. मात्र तिथेच चुकीचे लेबल लागले, तर स्कॅनर चुकीचे औषधही बरोबर ठरवतो.

मूळ आदेशच चुकला असेल तरीही बारकोड निरुपयोगी. त्यासाठी ॲलर्जी, वजन व कमाल मात्रा तपासणारी संगणकीय आदेशप्रणाली हवी. तिचे इशारे अति झाले की डॉक्टर न वाचताच ते बाजूला सारतात, तेव्हा क्षुल्लक इशारे बंद ठेवणेच शहाणपणाचे. शिरेवाटेच्या औषधांत पिशवी योग्य असूनही औषध ठरावीक वेगाने सोडणाऱ्या पंपावर १०.५ऐवजी १०५ मिलि प्रति तास असा वेग भरला जाऊ शकतो. स्मार्ट (संगणकीकृत) पंपातील औषधसूचीत प्रत्येक औषधासाठी दोन मर्यादा असतात: सौम्य मर्यादा खात्री करून ओलांडता येते, कठोर मर्यादा ओलांडताच येत नाही. पण सूची न निवडता नुसता वेग भरला, तर दोन्ही मर्यादा लागू होत नाहीत. आदेशातील वेग थेट पंपात उतरवणारी जोडणी असल्यास तो हाताने भरावा लागत नाही. परिचारिकेने तो फक्त तपासून मान्य करायचा असतो.