गोव्यातील मृत्युपत्र, वारसा आणि मुखत्यारपत्र

गोव्यातील मालमत्तेचे मृत्युपत्र उर्वरित भारतातील मृत्युपत्रापेक्षा मुळातच वेगळे असते, कारण येथे माणसाला आपली सगळी मालमत्ता हवी त्याला देऊन टाकण्याची मुभा कायद्याने दिलेली नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर १९६२ च्या प्रशासन अधिनियमाने जुने कायदे चालू ठेवले, आणि त्यामुळे ही संहिताही टिकली. वारसाहक्काचा भाग पुढे गोवा विधानसभेच्या २०१२ च्या उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियमात आला आणि तो २०१६ मध्ये अंमलात आला. धर्म कोणताही असो, गोमंतकीय कुटुंबांना हीच चौकट लागू होते.

विवाहापूर्वी नोटरीपुढे वेगळा करार केला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि निम्मा वाटा दोघांपैकी प्रत्येकाचा असतो. पेडण्याच्या एखाद्या कुटुंबात घर आणि बागायत पतीच्या नावावर असली, तरी तो वारल्यावर अर्धी मालमत्ता पत्नीचीच असते. ती वारसाने मिळत नाही, आधीपासूनच तिची असते. उरलेल्या अर्ध्याला त्याची संपदा म्हणतात. मुले असल्यास या संपदेचाही निम्मा भाग, म्हणजे एकूण मालमत्तेचा चौथा हिस्सा, त्यांच्यासाठी राखीव असतो. कायद्यात नमूद केलेल्या कारणांखेरीज त्यांना त्यापासून वंचित ठेवता येत नाही. मृत्युपत्राने मनाप्रमाणे देता येतो तो उरलेला चौथा हिस्सा. मृत्युपत्रच नसेल, तर पतीची संपूर्ण संपदा मुलांकडे जाते. पत्नीला आणखी काही मिळावे असे ज्याला वाटते, त्याने मृत्युपत्र करणे म्हणूनच फार महत्त्वाचे आहे, आणि नेमके हेच अनेक घरांत राहून जाते.

सार्वजनिक मृत्युपत्र विशेष नोटरीचे काम पाहणाऱ्या उपनिबंधकापुढे, साक्षीदारांसमक्ष, सरकारी नोंदवहीत लिहिले जाते. मूळ प्रत कार्यालयातच राहत असल्याने ती हरवण्याची किंवा दडवली जाण्याची भीती कमी असते. मृत्यूनंतर वारसांमध्ये एकमत असेल, तर नोटरीपुढे वारसा लेख, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला सक्सेशन डीड, करून घेतला जातो. तंटा असल्यास किंवा वाटणी हवी असल्यास दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी चालते. तीत कुटुंबप्रमुखाच्या नात्याने एक व्यक्ती मालमत्तेची यादी सादर करते, आणि वारसांमध्ये बोलीही लागू शकते. हे काम एका पिढीने टाळले की पुढच्या पिढीत वारसांची संख्या वाढते, त्यांच्या जोडीदारांच्या संमतीचीही गरज पडते, आणि एक चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या उताऱ्यावर पणजोबांचेच नाव राहते.

गोव्याबाहेरच्या मालमत्तेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सोडवला. गोमंतकीय अधिवास असलेल्या माणसाची मुंबईतील स्थावर मालमत्तादेखील याच वारसा कायद्याने वाटली जाईल, असा निर्णय झुझे पावलू कुतिन्हु प्रकरणात झाला. सल्ला देणाऱ्या वकिलाने अधिवास कुठला आणि विवाह कोणत्या मालमत्ता पद्धतीखाली झाला, हे आधी विचारले पाहिजे.

परदेशात राहणाऱ्या वारसांमुळे मुखत्यारपत्राचे महत्त्व येथे विशेष आहे. ते भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून पाठवता येते, आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. मुखत्यारपत्र म्हणजे मालकी नव्हे. केवळ त्याच्या आधारे झालेल्या व्यवहाराने स्थावराची मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. साधे मुखत्यारपत्र ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. तो वेडसर झाल्यासही अधिकार सुटतो. म्हणून स्मृतिभ्रंशाच्या आजारात आईवडिलांचे व्यवहार जुन्या कागदावर चालवू नयेत. त्यासाठी न्यायालयाकडून पालकत्व किंवा व्यवस्थापनाचा आदेश घ्यावा लागतो.

फी परवडत नसेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली मोफत वकील मिळू शकतो. स्त्रिया, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता हा हक्क आहे.