भट्टी ठरण्याआधी जागेची मंजुरी: अमेरिकेतला ‘अर्ली साइट परमिट’चा अर्ज

अमेरिकेत अणुवीज प्रकल्पांच्या खर्चाची तुलना करताना ‘मिडलटाउन’ या काल्पनिक शहराजवळची, नॉर्थ नदीकाठची जागा गृहीत धरण्याची जुनी पद्धत आहे. जमीन, पाणी, भूकंप सगळ्यांना सारखे, त्यामुळे फरक उरतो तो आराखड्याचा. खऱ्या जागेसाठी मात्र न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशन या नियामक आयोगाकडे ‘अर्ली साइट परमिट’चा, म्हणजे जागेच्या आगाऊ मंजुरीचा, अर्ज करता येतो. अणुभट्टी कोणती घ्यायची हे ठरलं नसलं तरी चालतं.

बांधकाम परवाना किंवा (बांधणं आणि चालवणं दोन्हींचा) संयुक्त परवाना मागू शकणाऱ्या कुणालाही हा अर्ज करता येतो. परकी मालकीच्या कंपन्यांना आडवा येणारा नियम 2024 च्या ‘अ‍ॅडव्हान्स’ कायद्याने ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या गटासाठी आणि भारतासाठी सैल केला आहे. देशाच्या सुरक्षेला बाधा नाही, अशी आयोगाची खात्री मात्र पटावी लागते.

कागदपत्रांचे मोठे गठ्ठे तीन: जागेचा सुरक्षा अहवाल, पर्यावरण अहवाल आणि आणीबाणी नियोजनाची माहिती. पर्यावरण अहवालात विजेची गरज दाखवण्याची सक्ती नाही, पर्यायी जागांची तुलना मात्र हवीच.

वेळ खातो तो हवामानाचा मनोरा. 10 आणि 60 मीटर उंचीवर वारा आणि तापमान मोजायचं, सलग दोन वर्षं, आणि दरवर्षी किमान 90 टक्के नोंदी हाती लागायला हव्यात. हिवाळ्यात वातकुक्कुटावर बर्फ साचून तो अडकला की नोंदीत खिंडार पडतं, म्हणून सुटे भाग आधीच आणून ठेवावेत. भूकंपाचा अभ्यास 320, 40, 8 आणि 1 किलोमीटर त्रिज्येत होतो. जागा जवळ येते तसा तो बारीक होत जातो.

सातबाऱ्यावर नाव चढलं की काम झालं, असं अमेरिकेत नाही. तिथे जमिनीखालच्या खनिजांचा हक्क दुसऱ्याच माणसाकडे असू शकतो. भट्टीभोवतीच्या वर्ज्य क्षेत्रात काय चालेल हे ठरवायचा अधिकार अर्जदाराकडे हवा, त्यामुळे हा तपास आधी करा.

खरी कसोटी ‘प्लँट पॅरामीटर एन्व्हलप’ची, म्हणजे प्रकल्पाच्या कमाल मर्यादांच्या लिफाफ्याची. विचारात असलेल्या सगळ्या आराखड्यांतून प्रत्येक बाबीची सर्वांत जाचक संख्या उचलायची: सर्वांत उंच इमारत, सर्वांत जास्त पाणी, सर्वांत जास्त उष्णता. तयार होतो तो कुणीच बांधणार नाही असा प्रकल्प. टेनेसीतल्या क्लिंच रिव्हर या जागेला 2019 मध्ये एकूण 800 मेगावॉटपर्यंतच्या लहान भट्ट्यांसाठी अशीच मंजुरी मिळाली. आराखड्याचीही जागेकडून अपेक्षा असते: एपी1000 या भट्टीच्या आराखड्याचं प्रमाणपत्र 0.30 जी (गुरुत्वीय त्वरणाच्या 0.30 पट) इतका भूकंपाचा हादरा आणि उणे 40 ते अधिक 46 अंश सेल्सिअस हवेचं तापमान गृहीत धरतं. संयुक्त परवान्याच्या वेळी जागेची आणि आराखड्याची, अशा दोन्ही याद्या जुळवून दाखवाव्या लागतात. लिफाफा घट्ट ठेवला तर चांगला आराखडाही त्यात बसत नाही, फार सैल ठेवला तर पर्यावरणाचे परिणाम उगाच फुगतात. व्हर्जिनियात नॉर्थ अ‍ॅनाच्या अर्जात भट्टी थंड करायला तलावाचं पाणी थेट वापरायचं ठरलं होतं. तलावाच्या तापमानावरून आक्षेप आले, मध्येच शीतक मनोरे आणि वाढीव क्षमता घातली, आणि पर्यावरण तपासणी बरीचशी पुन्हा करावी लागली.

प्रक्रियेचे टप्पे असे: अर्जापूर्वीच्या बैठका, कागद पुरेसे आहेत का याची छाननी, मग सुरक्षा आणि पर्यावरण तपासणी बरोबरीने, सल्लागार समितीचा अभिप्राय, आणि कुणी विरोधात नसलं तरी सुनावणी. परवाना 10 ते 20 वर्षांचा असतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी 36 ते 12 महिन्यांच्या दरम्यानच द्यावा लागतो.