पार्श्वभूमी : इच्छामरणाचा कायदा आणि परिचारिकेची जागा

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये किंवा एखाद्या खासगी अतिदक्षता विभागात काही वर्षे काढलेल्या सिस्टरला ‘इच्छामरणाचा रुग्ण पाहिला आहे का’ असे विचारले, तर उत्तर बहुधा नकारार्थी येईल. सही करून घरी नेलेले रुग्ण मात्र प्रत्येकीने पाहिलेले असतात. अक्कलकोट, तुळजापूर किंवा इंडीकडे निघालेल्या रुग्णवाहिकेत मुलगा अंबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) दाबत बसलेला असतो आणि मागे राहिलेल्या केसपेपरवर ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर’ या ओळीखाली अंगठा उमटलेला असतो. न्यायालयांनी इतक्या काळजीने घडवलेले शब्द या कागदापर्यंत का पोहोचले नाहीत, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

फार मागे जाण्याची गरज नाही. १८९३ मध्ये अमेरिकेत तयार झालेली आणि आपल्याकडे दीपप्रज्वलनाच्या समारंभात आजही म्हटली जाणारी शपथ दोन वचने एका दमात देते : अपायकारक औषध जाणूनबुजून देणार नाही आणि डॉक्टरांच्या कामात निष्ठेने साहाय्य करीन. ही दोन वचने एकमेकांना छेदली तर काय करायचे, हे शपथ सांगत नाही. परिचर्येच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेने १९५३ च्या मसुद्यात डॉक्टरांच्या आज्ञापालनाला स्थान दिले होते. १९७३ च्या सुधारणेत ते वगळून परिचारिकेची पहिली जबाबदारी रुग्णाप्रती असल्याचे मांडले गेले.

योगायोग असा, की त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात सफाई कामगाराने तेथील तरुण परिचारिकेवर हल्ला केला आणि ती पुढची जवळपास ४२ वर्षे त्याच रुग्णालयात अचेतनप्राय अवस्थेत राहिली. तिच्या वतीने दुसऱ्या एका महिलेने दाखल केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली, पण ती फेटाळतानाच उपचार थांबवण्याची वाट उच्च न्यायालयाच्या परवानगीच्या अटीवर खुली केली. निकालाचा हा दुसरा भाग सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या भागाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. ही रुग्ण व्हेंटिलेटरवर नव्हती. ती कालवलेले अन्न तोंडाने घेत होती आणि २०१० मधील आजारपणानंतर तिला नाकातल्या नळीवाटे अन्न दिले जाऊ लागले होते. म्हणजे थांबवायचे काय, तर परिचारिकांच्या हातचा घास. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही तिला शय्याव्रण झाले नव्हते, याचे श्रेय तिची कूस बदलणाऱ्या त्याच हातांना होते. न्यायालयाने तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीला न देता त्या कर्मचाऱ्यांना दिला. परिचारिकांचे म्हणणे निर्णायक ठरल्याचे या साऱ्या इतिहासातील असे दुसरे ठळक उदाहरण सापडत नाही.

मराठीत या निकालाची चर्चा ‘इच्छामरण’ या शब्दाने झाली आणि गोंधळ तिथूनच सुरू झाला. इच्छामरण म्हटले की मराठी वाचकाला शरपंजरी पडून उत्तरायणाची वाट पाहणारे भीष्म आठवतात : शुद्धीत असलेला, स्वतःची वेळ स्वतः ठरवणारा माणूस. वरील प्रकरणात रुग्णाची इच्छा कोणालाच कळू शकत नव्हती, हाच तर खरा पेच होता. ‘दयामरण’ म्हणावे तर दया कोणाची, हा प्रश्न उरतो. प्रायोपवेशन आणि जैनांची सल्लेखना म्हणजेच संथारा, ही अन्नत्यागाने देह ठेवण्याची व्रते, याच टोपलीत टाकल्याने गुंता आणखी वाढतो. संथारा रोखणाऱ्या राजस्थान उच्च न्यायालयाच्या २०१५ मधील निकालाला त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली होती, पण तो वाद उपचारांचा नव्हताच. पुढे मुंबईतल्या एका धडधाकट वृद्ध दांपत्याने राष्ट्रपतींकडे मरणाची परवानगी मागितली, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यालाही इच्छामरणच म्हटले. कायद्याने ज्याला मुभा दिली आहे ती गोष्ट याहून बरीच मर्यादित आहे : बरे होण्याची आशा संपलेल्या रुग्णाचे कृत्रिम जीवनाधार काढणे किंवा सुरूच न करणे.

त्यालाही ‘निष्क्रिय’ हे विशेषण लावले गेले, जे डॉक्टरांच्या बाजूने पाहिले तर कदाचित पटावे. खाटेजवळ उभे राहून पाहिले तर त्यात निष्क्रिय काहीच नाही. रक्तदाब टिकवणारा पंप कोणीतरी बंद करते, घशातली नळी निघाल्यावर सक्शन (साचलेला स्राव ओढून काढणे) कोणीतरी करते, नातेवाइकांना आत कोणीतरी बोलावते. देशातील वैद्यकीय संशोधनाच्या शिखर संस्थेने २०१८ मध्येच ही संज्ञा कालबाह्य ठरवली. मराठी बातम्यांतून ती अजून हललेली नाही.

९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्कातच असल्याचे सांगून आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे पुढे बोलता न आल्यास कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या साक्षांकनासारख्या अटींमुळे ती प्रक्रिया जवळपास निरुपयोगी ठरली, म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी ती सोपी करण्यात आली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, २० वर्षांऐवजी ५ वर्षांचा अनुभव असलेले तज्ज्ञ चालतात आणि उपचार थांबवावेत का हे ठरवणाऱ्या दोन वैद्यकीय मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे अशी अपेक्षा आहे. प्राथमिक मंडळात उपचार करणारे डॉक्टर व दोन तज्ज्ञ, दुय्यम मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला डॉक्टर व आणखी दोन तज्ज्ञ. सहाच्या सहा जागा डॉक्टरांच्या आहेत. २०११ मध्ये जिच्या शब्दावर निकाल फिरला, ती परिचारिका या यादीत नाही.

सोलापुरात ही अनुपस्थिती अधिक जाणवते, कारण इथे आजारी माणसाचे घर मराठी, कन्नड किंवा तेलुगू बोलणारे असू शकते आणि डॉक्टर राउंड संपवून गेल्यावर ‘म्हणजे नेमके काय सांगितले हो सिस्टर?’ हा प्रश्न अधिपरिचारिकेलाच येतो. तिने केलेले भाषांतर हीच पुष्कळदा संमती असते. फॉर्मवर त्याची नोंद कुठेच नसते.

हृदय थांबल्यास ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न न करण्याविषयीची राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०२० मध्ये आली आणि असा निर्णय लेखी असावा असे तिने सांगितले. प्रत्यक्षात संध्याकाळच्या राउंडला ‘काही झाले तर फार धावपळ नको’ एवढेच तोंडी सांगितले जाते. रात्री तीन वाजता मॉनिटरची रेषा सपाट होते तेव्हा फाइलमध्ये आदेश नसतो आणि ड्युटीच्या रजिस्टरवर तिचेच नाव असते.