घराला समुद्री गवताचं अस्तर : पार्श्वभूमी

मे महिन्यात ठाण्यात सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला स्लॅब म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो आणि पंखा तीच गरम हवा फिरवत बसतो. आपले उपायही ठरलेले. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, जमल्यास पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक, आणि गळती लागली की सोसायटी वर्गणी काढून पत्र्याची शेड उभी करते. उष्णतारोधक म्हणून समुद्री शैवालाचं नाव हल्ली जणू कालच शोध लागल्यासारखं घेतलं जातं. प्रत्यक्षात ते स्लॅबपेक्षा आणि पत्र्यापेक्षाही जुनं आहे. शिवाय बहुतेक ठिकाणी वापरलं गेलं ते शैवाल नव्हे, तर झोस्टेरा नावाचं गवत. उथळ समुद्रात तळाशी मुळं धरून ते वाढतं, त्याला फुलंही येतात, आणि वादळानंतर त्याचे ढीग किनाऱ्याला लागतात.

या वापराचा सर्वांत ठळक माग डेन्मार्कच्या लेसो बेटावर लागतो, आणि तो सुरू होतो मिठापासून. मिठागरं आपल्याला परकी नाहीत. भांडुप-मुलुंडपासून उरणपर्यंत आगरी लोकांनी भरतीचं पाणी खाचरांत कोंडून उन्हावर मीठ पिकवलं. त्याला सरपण लागलं नाही. लेसोवर तेवढं ऊन कुठलं? तिथे खारं पाणी कढयांत आटवावं लागे. मध्ययुगापासून पेटत्या राहिलेल्या त्या भट्ट्यांनी सतराव्या शतकापर्यंत बेटावरचं जंगल संपवलं. झाडं गेली तशी वाळू उडू लागली, शेती बसली. मग लोकांनी समुद्र जे देईल त्यातून घरं बांधली. सांगाडा किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांच्या लाकडाचा आणि छप्पर वाहून आलेल्या गवताचं.

पुरुष दर्यावर असत, त्यामुळे छपरं शाकारायचं काम बायकांचं होतं. गवत आधी जमिनीवर पसरून पावसात धुवायचं, वाळवायचं. मग त्याचे पिळून जाड दोर करायचे आणि सर्वांत खालच्या वाशांना घट्ट गुंडाळायचे. त्या आधारावर सुटं गवत थरावर थर रचून दाबत न्यायचं. काही छपरं मीटरभर जाडीची होत. आपल्याकडे भाताचा पेंढा वरचेवर बदलावा लागे, तर लेसोवरची काही छपरं दोन-तीनशे वर्षं टिकली. गवतात मुरलेलं मीठ आणि खनिजं कुजणं आणि कीड दोन्ही रोखतात, आगही सहजी धरू देत नाहीत. उष्णता अडते ती मात्र पात्यांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेमुळे. काचेच्या बारीक तंतूंपासून बनणाऱ्या ग्लासवूलचंही गणित हेच.

घरगुती रिवाजाचा कारखानदारी माल झाला अमेरिकेत. बॉस्टनच्या सॅम्युअल कॅबट यांनी 1890च्या दशकात दोन जाड कागदांमध्ये हेच गवत भरून, शिवून ‘कॅबट्स क्विल्ट’ बाजारात आणली. सरळसरळ गोधडीच, फक्त भिंतीत घालायची. थंडीबरोबर ती आवाजही अडवायची, म्हणून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरपर्यंत पोहोचली. कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेसाठी 1911 मध्ये अंटार्क्टिकात केप इव्हान्स इथे उभारलेल्या लाकडी झोपडीच्या दुहेरी भिंतींतही शिवलेल्या समुद्री वनस्पतीचंच अस्तर होतं. ती झोपडी आजही उभी आहे. याहून कडक परीक्षा कुठली घ्यायची!

एवढं करून हा माल मागे पडला, त्यात त्याच्या गुणांचा दोष नव्हता. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर झोस्टेराला सूक्ष्मजीवामुळे होणारा रोग लागला आणि सुमारे नव्वद टक्के गवत नष्ट झालं. कच्चा मालच आटला. लेसोवर दुरुस्तीला गवत मिळेना. त्याच दशकात ग्लासवूल कारखान्यांतून निघू लागलं आणि रिकामी जागा त्यानं भरली.

अलीकडची उचल दोन ठिकाणांहून आहे. 2013 मध्ये लेसोवरच गवताच्या लांब उशा छपराला आणि भिंतींना लावून एक नवं घर बांधलं गेलं. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर येणारे पोसिडोनिया या दुसऱ्या समुद्री गवताचे गोळे सोडवून, वाळू झटकून, जर्मनीत त्यांपासून भिंतींच्या पोकळीत भरायचा धागा तयार केला जातो. ऐकायला सोपं वाटतं, पण वाळू काढणं हेच त्यातलं जिकिरीचं काम.

आता आपल्या खाडीकडे. ठाणे खाडी म्हणजे गाळ, गढूळ पाणी आणि तिवरं. तळापर्यंत प्रकाशच पोहोचत नाही, तिथे असं गवत उगवणार कसं? भारतात समुद्री गवताची मोठी कुरणं आहेत ती पाल्कच्या उपसागरात आणि मन्नारच्या आखातात, आणि ती डुगाँगचं, म्हणजे समुद्री गायीचं, खाद्य आहेत. ती कापून भिंतीत भरावी असं कुणी सुचवू नये. मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर सारगॅसम हे खरंखुरं शैवाल मिळतं, पण झोस्टेराचा शतकांचा अनुभव त्याच्या नावावर जमा करता येत नाही.

नियमांची अडचण मात्र नाही. निवासी इमारतींच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्रानं आणलेल्या 2018च्या ‘इको निवास संहिते’त, अख्ख्या छपरातून किती उष्णता आत यावी याची कमाल मर्यादा दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला 1.2 वॅट आहे. साहित्य कोणतं, याच्याशी तिला देणंघेणं नाही. साहित्याची स्वतःची उष्णतावाहकता हा वेगळा आकडा; जाडीनुसार त्यातून छपराचा आकडा निघतो. समुद्री गवताची ती 0.04च्या आसपास, काँक्रीटची सुमारे दीड (वॅट, दर मीटर, दर अंश). म्हणजे पाच सेंटिमीटरचा कोरडा थर घातला की छप्पर या मर्यादेच्या आत आरामात बसतं. सगळा भार ‘कोरडा’ या शब्दावर आहे. रोधक थर स्लॅबच्या वर घातला तर स्लॅब फारसा तापत नाही, म्हणून खरी जागा ती. पण चार महिने कोसळणाऱ्या पावसात उघड्या गच्चीवर गवत टिकायचं नाही. त्यामुळे आपल्याकडे त्याला जागा उरते ती पत्र्याच्या शेडखाली किंवा फॉल्स सीलिंगच्या पोकळीत.