मोकळ्या गटातल्या गाभण माद्यांसाठी स्वयंचलित खाद्य-कक्ष: घेण्याआधी वाचा

गाभण माद्या एकत्र सोडून गव्हाणीत एकदम खाद्य ओतलं की काय होतं, ते वराहपालकाला सांगायला नको. दांडग्या ताव मारतात, पहिलटकरणी भिंतीला. एक चरबीने सुटते, दुसरीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. यावर तोडगा म्हणून मादीला वळताही येणार नाही असे पिंजरे आले. ब्रिटनमध्ये ते 1999 पासून बंद आहेत. युरोपीय संघात 2013 पासून, रेतनानंतरचे चार आठवडे आणि विण्याआधीचा एक आठवडा सोडला, तर माद्या गटातच ठेवाव्या लागतात.

आमच्या कक्षात एका वेळी एकच मादी शिरते. मागचं फाटक लागतं, यंत्र कानातला चिपचा बिल्ला वाचतं आणि तिच्या वाट्याचा खुराक थोडा थोडा टाकतं. खाताना मागून ढुशी नाही. दिवसाचा वाटा संपला की पुन्हा आली तरी गव्हाण कोरडी. एक कक्ष साधारण 50 ते 60 माद्यांना पुरतो.

आमच्या मते खरी किंमत सकाळच्या यादीची आहे: काल कोण जेवली नाही? ती लंगडत असेल, तापली असेल किंवा नुसता बिल्ला पडला असेल. यादी हातात घेऊन शेडमध्ये जायचं काम मात्र तुमचंच.

आता अडचणी. गव्हाणीवरचं भांडण मिटतं, पण दाराशी सुरू होतं. रांगेत ताटकळलेली मादी पुढचीच्या योनीमुखाला चावते आणि ती जखम चिघळते. म्हणून दारासमोर ऐसपैस जागा ठेवा आणि बाहेर पडायची वाट दारापासून लांब काढा. दोन-अडीच किलो खुराकाने गाभण मादीची गरज भागते, भूक नाही. भाताचा पेंढा किंवा हिरवा चारा मोकळा टाकलात तर ती चघळत बसते, दाराशी गर्दी करत नाही. पेंढ्याचा खर्च वाचवू नका.

नवी मादी एकटी सोडू नका, चार-पाच मिळून सोडा. वेळ साधायची ती पिल्लं दुधापासून तोडल्यावर लगेच, नाहीतर रेतनाला चार आठवडे उलटल्यावर. मधल्या काळात गर्भ रुजत असतो, तेव्हा मारामारी नको. पहिलटकरणींना आधी वेगळ्या कप्प्यात दाराची सवय लावावी लागते. घाई केलीत तर त्या उपाशी राहतील.

हॉटेलचं खरकटं या यंत्रात चालत नाही, कोरडं खाद्यच लागतं. कोकणात पावसाळ्यात तेही दमट होऊन नळीत साचतं, तेव्हा नळी रोज बघा. वीज गेली तर फाटक हाताने उघडतं, पण इन्व्हर्टर हवाच. यंत्र बंद पडलं की रांग तुंबते.

दहा-पंधराच माद्या असतील तर हे यंत्र घेऊ नका. प्रत्येकीला खाण्यापुरता आडोसा बांधलात तरी भागेल, आणि त्याचा आराखडा आम्ही फुकट देतो. भेटीला येताना माद्यांची संख्या, शेडचं माप आणि सध्याचा खुराक लिहून आणा.