नांसीच्या अंधाऱ्या खोलीत दिसलेले किरण

फ्रान्समधल्या नांसी शहरात १९०३ साली रने ब्लाँदलो यांनी नवे किरण सापडल्याचं जाहीर केलं. शहराच्या नावावरून त्यांना 'एन-किरण' म्हटलं गेलं. ब्लाँदलो हे नावाजलेले भौतिकशास्त्रज्ञ होते आणि काळही तसाच होता. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले होते, पुढच्याच वर्षी युरेनियमचे किरण, मग रेडियम. आणखी एक किरण सापडला तर नवल वाटायचं कारण नव्हतं.

हे किरण ओळखायची रीत अशी. अंधाऱ्या खोलीत अगदी मंद चमकणारा पडदा ठेवायचा. एन-किरण पडले की तो किंचित उजळतो. ते उजळणं डोळ्यांनीच टिपायचं, तेही रोखून न बघता, नजर जराशी बाजूला ठेवून. नांसीतल्या सहकाऱ्यांना ते दिसलं, मग फ्रान्समधल्या इतरांनाही दिसू लागलं. माणसाच्या मज्जातंतूंतूनही हे किरण निघतात, इथवर मजल गेली. निबंधांची संख्या शेकड्यांत पोचली. इंग्लंड-जर्मनीतल्या नामवंतांना मात्र काहीच दिसेना.

१९०४ मध्ये अमेरिकेचे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड नांसीला जाऊन प्रयोग बघायला बसले. अ‍ॅल्युमिनियमच्या लोलकातून किरण फाकतात आणि ते कुठे कुठे पडतात याची मोजमापं चालली होती. वुड यांनी अंधारात तो लोलक गुपचूप काढून घेतला. मोजमापं आधीसारखीच येत राहिली!

यात कोणी लबाडी करत नव्हतं, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्या माणसांना उजेड खरोखर वाढलेला दिसत होता. दिसण्या-न दिसण्याच्या सीमेवर डोळा स्वतः ठाम कौल देऊ शकत नाही. तिथे आजूबाजूच्या विश्वासू माणसांचा कौल आपल्या नजरेत मिसळतो.

हे कसं घडतं, ते मुझफ्फर शेरीफ या तुर्की मानसशास्त्रज्ञांनी १९३५ मध्ये दाखवलं. पूर्ण अंधारात प्रकाशाचा स्थिर ठिपका हलल्यासारखा दिसतो, कारण तुलनेला दुसरं काहीच नसतं. किती हलला, याचा प्रत्येकाचा अंदाज वेगळा. पण चारचौघांत बसून मोठ्याने आकडे सांगायला लावले की ते हळूहळू एकमेकांजवळ येत. पुढे एकट्याला बसवलं, तरी माणूस गटात ठरलेलं माप सोडत नसे.

पुरावा स्वच्छ असला की गोष्ट बदलते. १९५०च्या दशकात सॉलोमन अ‍ॅश यांनी रेघांची लांबी ओळखायला सांगितली. उत्तर उघड होतं, पण आधीच शिकवून ठेवलेले बाकीचे सगळे मुद्दाम एकच चुकीचं उत्तर देत. अशा वेळी सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्यांच्यामागे गेली. चुकीचं उत्तर देणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना खरं दिसत होतं, फक्त वेगळं बोलायचं धाडस नव्हतं. गटात एक जण जरी खरं बोलला, तरी चुका झपाट्याने कमी होत.

म्हणजे समूह नजर बिघडवू शकतो. पण तोच समूह स्वतःच्या नजरेवर पहाराही बसवू शकतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ जशी गुरुत्वीय लहरी (अवकाशातच उठणारे अतिसूक्ष्म तरंग) टिपणारी लायगो वेधशाळा होऊ घातली आहे, तशा अमेरिकेतल्या वेधशाळांत सप्टेंबर २०१० मध्ये गुरुत्वीय लहरीसारखा संकेत आला. असा खोटा संकेत मुद्दाम पेरला जाऊ शकतो, हे सर्वांना माहीत होतं. पेरला आहे का, हे मोजक्याच लोकांना. शेकडो शास्त्रज्ञांनी महिनोन् महिने विश्लेषण केलं, शोधनिबंधही लिहून ठेवला. मार्च २०११ मध्ये खरं उत्तर बंद करून ठेवलेला लखोटा उघडला. संकेत पेरलेला होता.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी पुन्हा संकेत आला, तेव्हा अनेकांच्या मनात आधी तीच शंका आली. यावेळी कोणीही काही पेरलेलं नाही याची खात्री केली गेली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये गुरुत्वीय लहरींचा शोध जगाला सांगितला गेला.